शीव नेमकी कुठून जाते? खुणांवरून गाव-पाड्याची हद्द अधिकृत करताना पडणारे प्रश्न

नाशिक जिल्ह्यात पश्चिमेला घाटमाथ्यावर गावाची हद्द वाघदेव, डोंगराची धार आणि ओहळ सांगतात. पूर्वेला येवला-नांदगावकडे ती बांध, शिवरस्ता आणि म्हसोबा सांगतात. ही तोंडी माहिती कागदावर टिकेल अशी कशी आणायची, यावर ग्रामसभा, वनहक्क समित्या आणि ग्रामपंचायतींकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

आम्हाला ‘गावाची हद्द’ ठरवायची आहे. सुरुवात कुठून करायची?

आधी कोणती हद्द ते ठरवा. निम्मे घोळ इथेच होतात.

पहिली महसुली शीव. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ खाली भूमापनात कायम झालेली, गाव नकाशावर असलेली. दुसरी वनहक्क कायदा, २००६ खालची सामूहिक वनसंसाधनाची पारंपरिक हद्द, म्हणजे गाव पिढ्यानपिढ्या जे जंगल वापरतं आणि राखतं त्याची. तिसरी पेसाखालच्या, म्हणजे अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रातल्या पंचायतींच्या कायद्याखालच्या गावाची. इथे पाडासुद्धा स्वतंत्र ‘गाव’ म्हणून घोषित होऊ शकतो. शिवाय गावठाणाची हद्द वेगळीच, ती घरांच्या जागेपुरती.

या रेषा एकमेकींवर बसतीलच असं नाही, आणि बसल्याच पाहिजेत असंही नाही. वनसंसाधनाची हद्द महसुली शीव ओलांडून पलीकडच्या वनकक्षात जाऊ शकते. अर्जात मात्र एकीसाठी दुसरीचा पुरावा लावून चालत नाही. महसुली शिवेचा वाद आहे आणि तुम्ही मोहाची फुलं कुठून वेचता याचे जबाब जोडलेत, तर भूमी अभिलेखवाला ते बाजूलाच ठेवणार.

आमचा पाडा महसुली गाव नाही. तरी त्याची हद्द मान्य होते का?

अनुसूचित क्षेत्रात असाल तर होते. पेसा कायदा १९९६ चा, महाराष्ट्राचे नियम २०१४ चे. पाड्यातल्या बहुसंख्य मतदारांनी ठराव करायचा, तो उपविभागीय अधिकाऱ्यांकडे द्यायचा. त्यांची चौकशी, मग जिल्हाधिकारी, मग विभागीय आयुक्त अशी वाट आहे. ठरावासोबत हद्दीचं वर्णन लागतं आणि खुणांचं काम तिथेच येतं.

आपलं गाव अनुसूचित क्षेत्रात आहे का, हे तालुक्याच्या नावावरून ताडू नका. पेठ, सुरगाणा, कळवण म्हटलं की कुणाला शंका येत नाही, पण दिंडोरी, इगतपुरी, बागलाण, नाशिक या तालुक्यांत काही गावं यादीत आहेत, काही नाहीत. १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशातली यादी गावाच्या नावानिशी पाहा. त्र्यंबकेश्वर तालुका त्यानंतर वेगळा झाला, त्यामुळे तिथली गावं जुन्या तालुक्याच्या नावाखाली सापडतात.

पेसाखाली गाव झालं की सातबारा बदलतो का?

नाही. गटनंबर, आकार, तलाठी सजा सगळं तसंच राहतं. नवं महसुली गाव करायचं तर ती जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ४ खालची शासनाची वेगळी अधिसूचना. जनगणनेच्या आधी ठरावीक तारखेपासून प्रशासकीय हद्दी गोठवल्या जातात, त्या काळात असे बदल होत नाहीत.

कोणती खूण धरावी आणि कोणती धरू नये?

तीन कसोट्या लावा. खूण पुढची तीस वर्षं हलणार नाही ना? शेजारचं गाव तिला त्याच नावाने, किंवा निदान त्याच जागी ओळखतं का? आणि परगावचा सर्व्हेअर तुमच्या लिखाणावरून एकटा तिथे पोचेल का?

पश्चिम पट्ट्यात सगळ्यात भक्कम खूण म्हणजे पाणी वाटणारी धार. एका बाजूचं पावसाचं पाणी दमणगंगा-पारमधून गुजरातकडे जातं, दुसऱ्या बाजूचं गोदावरी-गिरणेकडे. ही रेषा कुणी रात्रीतून उपटून नेऊ शकत नाही, आणि समोच्च रेषांच्या नकाशावरही ती तशीच दिसते. अडचण येते सपाट माथ्यावर. आपले डोंगर बसाल्टच्या थरांचे, पायऱ्यापायऱ्यांचे. कितीतरी ठिकाणी वर अर्धा-अर्धा किलोमीटर रुंद माळ असतो. तिथे ‘डोंगरापर्यंत आमची हद्द’ याला काही अर्थ उरत नाही. पायथा, कड्याची वरची कड की माळाच्या मधोमध? एका शब्दाच्या फरकाने पन्नास-साठ हेक्टर इकडचे तिकडे होतात. म्हणून ‘कड्याची वरची कड’ किंवा ‘कड्याचा पायथा, जिथे घसारा सुरू होतो’ इतकं स्पष्ट लिहा.

वाघदेवाचा दगड किंवा लाकडी खांब, वाघ-चंद्र-सूर्य कोरलेला, ही चांगली खूण. वाघबारशीला तिथे पूजा होते, त्यामुळे जागा कुठली ते पोरासोरांनाही माहीत असतं. मात्र लाकडी खांब कुजल्यावर नवा बसवतात आणि बसवताना तो सोयीच्या जागी सरकतो. जवळच्या न हलणाऱ्या दोन गोष्टींपासूनची अंतरं नोंदवून ठेवा. म्हसोबा, मरीआई, वेताळ यांच्या शेंदरी दगडांनाही हेच लागू. एक काळजी घ्या: शिवेवरच्या देवाला पुढे ओटा होतो, मग पत्र्याचं छप्पर, मग देऊळ, देऊळ दहा मीटर रुंद झालं की हद्द त्यातून नक्की कुठून जाते हा नवा वाद. मूळ दगडाचा मध्य धरला असं लिहा. गधेगाळ (शापाचा कोरीव दगड) किंवा वीरगळ (वीराच्या स्मरणाचा दगड) सापडला तर फोटो, माप घ्या, पण हलवू नका आणि रंगवू नका. दगड मूळ जागीच असेल असंही गृहीत धरू नका; पुष्कळ वीरगळ कधीतरी उचलून मारुतीच्या पारावर आणून ठेवलेले असतात.

झाडं दुय्यम. वड, चिंच, जुना आंबा चालतो, पण एकटा नको. साग तर नकोच, तोडीला जातो. विहीर चालते. विजेचा खांब, बोअर, पाटी, कुणाचं शेततळं, कुणाचं खळं हे बाद. ‘अमक्याच्या शेतापर्यंत’ हेही बाद, कारण शेत विकलं जातं आणि अमक्याचे चार वारस होतात.

नदी किंवा ओहळ हद्द असेल तर?

नुसतं ‘नदीपर्यंत’ लिहू नका. पात्राचा मध्य, डावा काठ की उजवा काठ ते लिहा. डावा-उजवा नेहमी पाणी वाहतं त्या दिशेला तोंड करून ठरवायचा. पाणी येतं तिकडे तोंड करून उभं राहिलं की उलटं लिहिलं जातं आणि ही चूक फार होते.

पूर्वेकडे मोसम, गिरणा, कादवा अशा नद्यांचं पात्र रुंद, त्यात प्रवाह दरसाल सरकतो. तिथे ‘प्रवाहाचा मध्य’ धरलात तर हद्द पावसागणिक फिरणार. काठावरच्या पक्क्या खुणांना जोडणारी रेषा धरावी आणि पात्राचं स्वतंत्र लिहावं. घाटातल्या ओहळांचं बरं असतं, ते खडकात कोरलेले असल्याने जागा सोडत नाहीत. फक्त ओहळाला दोन फाटे असतील तर कोणता, हे फाट्यावर खूण क्रमांक देऊन सांगा.

आमची जुनी शीव धरणात गेली. आता काय धरायचं?

‘पाण्याच्या काठापर्यंत’ असं कधीही लिहू नका. ऑक्टोबरातला काठ आणि मेमधला काठ यांत कित्येक ठिकाणी शेकडो मीटरचं अंतर असतं. जलसंपदा विभागाच्या भूसंपादन नकाशात पूर्ण संचय पातळीची रेषा असते, ती धरा. बुडालेला भाग बुडण्याआधीच्या गाव नकाशावरून दाखवा. मे महिन्यात पाणी उतरलं की जुने बांध, कधी विहिरीचं तोंड उघडं पडतं. फेरीचा तेवढा टप्पा तेव्हाच उरका.

खूण कागदावर कशी लिहायची? एखादा नमुना द्या.

बहुतेक ठराव चतुःसीमेवर थांबतात: पूर्वेस अमुक गाव, पश्चिमेस नदी, दक्षिणेस रस्ता, उत्तरेस वन. यावरून कोणालाही रेषा काढता येत नाही. हद्द खुणेवर नसते, दोन खुणांच्या मधे असते. म्हणून प्रत्येक नोंदीत चार गोष्टी हव्यात: खूण दिसते कशी, ती सापडते कुठे, तिथून पुढे हद्द कशावरून जाते, आणि डाव्या-उजव्या हाताला काय आहे.

फेरी प्रदक्षिणेसारखी घ्यायची, आपलं गाव सतत उजव्या हाताला. मग नोंद अशी होते:

*खूण क्र. ११. वाघदेवाचा दगड. जमिनीवर सुमारे ७५ सेंमी उंच, पूर्वेच्या बाजूला वाघ, वर चंद्र-सूर्य कोरलेले. खिंडीच्या पश्चिम अंगाला. गाडीवाटेच्या कडेपासून ९ मीटर, वाटेलगतच्या जुन्या उंबरापासून १४ मीटर. येथून हद्द पाणी वाटणाऱ्या धारेने आग्नेयेकडे सुमारे ४२० मीटर जाऊन खूण क्र. १२ ला, म्हणजे फुली कोरलेल्या सपाट खडकाला मिळते. डाव्या हाताला शेजारचं गाव, उजव्या हाताला आमचं वनसंसाधन. दोन्ही गावं या दगडाला ‘वाघ्या’ म्हणतात.*

धार, ओहळ, पाणंद अशी दिसणारी रेषा असेल तर दोन खुणांत पाचशे मीटर चालतात. रेषा मोकळ्या माळावरून जात असेल तर शंभर-दीडशे मीटरवर खूण हवी, आणि उभं राहिलं की पुढची दिसली पाहिजे. तीन गावांच्या शिवा जिथे मिळतात तिथे तिन्ही गावांची माणसं हजर हवीत. तो एक दगड चुकला की तीन गावांचे नकाशे चुकतात.

शिवारफेरीला किती माणसं, किती दिवस, काय काय न्यायचं?

आठ ते बारा माणसं पुरतात. पन्नास जणांची मिरवणूक निघाली की निम्मे गप्पा मारतात आणि नोंदवणारा मागे राहतो. त्यांत दोन-तीन जाणती म्हातारी माणसं, किमान तीन बायका, एक गुराखी, लिहिणारा एक, मोबाइल धरणारा एक आणि टेप धरणारे दोघे. बायका नावापुरत्या नकोत. सरपण, पाणवठे, कंद, रानभाज्या यांच्या वाटा त्यांनाच माहीत असतात, आणि वनसंसाधनाच्या दाव्यात नेमका तोच पुरावा लागतो.

डोंगराळ भागात दिवसाला चार ते सहा किलोमीटर हद्द नीट नोंदवून होते. फेरी दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत घ्या. पावसाळ्यात गवत आणि धुकं, खूण दोन हातांवरून दिसत नाही. एप्रिलनंतर ऊन आणि वणवे.

सामान: ३० मीटरचा टेप, होकायंत्र, जाड कागदाची वही, पेन्सिल (शाई घामाने पसरते), गाव नकाशाची प्रत, खडकावर फुली करायला छिन्नी-हातोडी, पॉवर बँक. होकायंत्र काळ्या खडकाला टेकवून वाचू नका. बसाल्टात लोहखनिज असतं आणि सुई भरकटते.

शेजारच्या गावाला आणि वनविभागाला तारीख, वेळ, जमण्याची जागा लेखी कळवा आणि पोच घ्या. आले नाहीत तर पंचनाम्यात तसं नमूद करून पुढे जा. पोच नसेल तर ‘आम्हाला कळवलंच नाही’ या एका वाक्यावर सगळं काम लटकतं.

मोबाइलचा जीपीएस चालतो का?

वनहक्काच्या आणि पेसाच्या वर्णनाला आधार म्हणून चालतो, महसुली मोजणीला नाही. मोकळ्या आकाशाखाली मोबाइल तीन ते पाच मीटर चुकतो. दाट झाडीत किंवा कड्याखाली ही चूक दहा-पंधरा मीटरच्याही वर जाते. खुणेवर पोचल्या पोचल्या बटण दाबू नका. दोन-तीन मिनिटं थांबा, आकडा स्थिर होऊ द्या.

अक्षांश-रेखांश दशांशात लिहा, पाच अंकांपर्यंत. पाचवा अंक साधारण एक मीटर सांगतो, चौथा अकरा मीटर. अंश-मिनिट-सेकंद आणि दशांश यांची सरमिसळ ही सगळ्यात महागाची चूक. २० अंश ३० मिनिटं ३० सेकंद म्हणजे २०.५०८३३. ते कुणी २०.३०३० असं उतरवलं तर खूण बावीस-तेवीस किलोमीटर दक्षिणेला जाते. म्हणून घरी आल्यावर सगळे बिंदू गुगल अर्थवर टाकून बघा. गावाबाहेर उडालेला बिंदू लगेच दिसतो.

जुना गाव नकाशा कुठे मिळतो आणि त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा?

तालुक्याच्या उप अधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून प्रमाणित प्रत घ्या. शीव दोन गावांची असते, म्हणून शेजारच्या गावाचाही नकाशा मागा आणि दोन्ही जुळतात का पाहा. वाद असेल तर शिवेलगतच्या सर्व्हे नंबरांची टिपणं (मूळ मोजणीच्या मापांचे कागद), गटबुक आणि आकारबंदही (क्षेत्र-आकाराची नोंद) लागेल. सातबारासारख्या गाव नमुन्यांवर हद्द कळत नाही, क्षेत्र कळतं.

जुन्या नकाशांवर सहसा एक इंचाला वीस साखळ्या असं प्रमाण असतं. साखळी ३३ फुटांची, सोळा आण्यांची (म्हणजे सोळा भागांची). ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, हाच गुंठा. वीस साखळ्या म्हणजे ६६० फूट, प्रमाण १:७९२०. या नकाशावरची अर्ध्या मिलिमीटरची शाईची रेघच जमिनीवर चार मीटर रुंद होते. तेव्हा ‘नकाशात शीव विहिरीच्या अलीकडे दिसते’ म्हणून भांडण्यात अर्थ नाही. ते टिपणातल्या आकड्यांवरून ठरतं. फोटोकॉपी तर मोजूच नका. कागद दोन टक्के आक्रसला तरी किलोमीटरला वीस मीटर गेले. आधी नकाशावरची मोजपट्टी फूटपट्टीने तपासा.

काही गावं ओसाड आहेत, म्हणजे नकाशात नाव आहे, शीव आहे, वस्ती नाही. शेजारी असं गाव असेल तर सही कोणाची घ्यायची हा प्रश्न येतो. ते गाव ज्या ग्रामपंचायतीत आहे तिची घ्या.

शेजारचं गाव आमची खूण मानत नाही.

आधी वाद किती लांबीचा आहे ते काढा. सहसा आठ किलोमीटरच्या शिवेत वाद तीनशे-चारशे मीटरचाच असतो आणि त्यासाठी सगळी शीव अडते. मान्य खुणांची यादी दोन्ही गावांच्या सह्यांनी वेगळी करा, वादाचा तुकडा तुटक रेषेने दाखवा, दोघांचंही म्हणणं लिहा.

वनसंसाधनाच्या हद्दीसाठी दोन्ही गावांच्या वनहक्क समित्यांनी एकत्र बसून निष्कर्ष आपापल्या ग्रामसभेला लेखी द्यायचा असतो. तिथेही सुटलं नाही तर प्रकरण उपविभागीय स्तरीय समितीकडे जातं. जंगल दोघं वापरत असतील तर रेषा ओढायचा हट्टच सोडा आणि ‘सामाईक वापराचं क्षेत्र’ लिहा. वनसंसाधनाच्या दाव्याचा अर्ज म्हणजे नमुना ‘क’, त्यात शेजारच्या गावांशी वाटून घेतल्याची नोंद करायला जागा आहे. आमच्या मते घाटमाथ्यावरच्या निम्म्या वादांना हेच खरं उत्तर आहे. गुरं दोन्हीकडची चरत आली आहेत, रेषा फक्त कागदाला हवी आहे.

महसुली शिवेचा वाद मात्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १३३ ते १३५ खाली चालतो. दोन्ही गावांनी राजीखुशीने एक रेषा मान्य केली तर अधिकारी तसा करार लिहून घेऊन ती आखून देतो. धाकदपटशा किंवा फसवणूक नसावी एवढंच.

म्हाताऱ्या माणसांचे जबाब कसे घ्यायचे?

लेखी, आणि दावेदार नसलेल्यांचे. वनहक्क नियम १३ मध्ये जाणत्यांचा लेखी जबाब हा पुरावा आहे, पण किमान दोन प्रकारचे पुरावे लागतात, नुसता जबाब पुरत नाही. सोबत स्मशानभूमी, देवराई, जुना पाणवठा, बंधाऱ्याचे अवशेष, गॅझेटियर किंवा सेटलमेंट अहवालातली नोंद जोडा.

‘पूर्वापार वहिवाट आहे’ हे वाक्य प्रत्येक जबाबात जसंच्या तसं असलं की वाचणाऱ्याला कळतं, एकानेच दहा लिहिले. माणसाला विचारा: गुरं कुठून वळवायचात? बांबू तोडायला कुठल्या नाळेने चढायचात? कुठे गेल्यावर पलीकडचे लोक हटकायचे? हटकण्याची जागा म्हणजे बरोब्बर शीव. उत्तर कोकणीत (कोकणा आदिवासींच्या बोलीत) असेल तर कोकणीतच उतरवा, खाली मराठीत अर्थ द्या. जागेचं नाव ‘सुधारून’ लिहू नका. शेजारच्या गावात ते त्याच उच्चाराने सापडायचं असतं.

वनविभागाचा बुरूज (वनहद्दीची बांधीव खूण) आमच्या हद्दीच्या आत येतो. दावा बाद होईल?

होत नाही. राखीव वन, संरक्षित वन, अभयारण्य यांच्या हद्दी तुमच्या पारंपरिक हद्दीच्या आत येऊ शकतात. बुरुजाचा क्रमांक आणि कक्ष क्रमांक टिपून नकाशात दाखवा. बुरूज हीसुद्धा छान खूण आहे, पक्की आणि क्रमांक असलेली.

हद्दीचा दगड कुणी उपटला तर?

हद्दीच्या निशाण्या शाबूत ठेवणं ही लगतच्या धारकाची जबाबदारी आहे आणि नुकसान केल्यास जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४५ खाली दंड होतो. तलाठ्याला लगेच लेखी कळवा. अंदाजाने दगड परत रोवू नका. हेतू चांगला असला तरी उद्या तुम्हीच हलवला असं होतं. जागा परत बसवायची तर हद्द कायम मोजणीचा अर्ज ई-मोजणीवरून करा. मोजणी पटली नाही तर निमताना, म्हणजे वरिष्ठांकडून फेरमोजणी मागता येते.

गावठाणाच्या हद्दीला एवढं महत्त्व का?

कारण तिच्यापासून २०० मीटरपर्यंतच्या जमिनीला बिनशेतीच्या बाबतीत जमीन महसूल अधिनियमाचं कलम ४२-ड लागू होतं. दगड दहा मीटर सरकला की कुणाचा तरी गट त्या पट्ट्यात येतो किंवा बाहेर पडतो. स्वामित्व योजनेत (गावठाणाच्या ड्रोन मोजणीत) ड्रोन उडण्याआधी चुन्याच्या रेघा मारतात, त्या दिवशी घरी थांबा. छपराची पागोळी जिथे पडते तिथे रेघ मारायची की भिंतीला, हे दोन शेजाऱ्यांनी आधी ठरवा. ड्रोनला वरून पत्राच दिसतो, भिंत दिसत नाही.

प्रस्ताव परत येण्याची नेहमीची कारणं?

ग्रामसभेची गणपूर्ती. वनहक्कासाठी निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला. हजेरीत नावं आहेत पण महिला किती ते मोजलेलंच नाही, असं सर्रास असतं.

दुसरं, नकाशावर एक क्षेत्र, ठरावात दुसरं, अर्जात तिसरं. एकर आणि हेक्टर मिसळलेले. एक हेक्टर म्हणजे शंभर आर, एक एकर म्हणजे साधारण ४०.४७ आर, शेवटी एकाच माणसाने तिन्ही कागद समोर ठेवून आकडे जुळवावेत.

तिसरं, रेषा बंदच होत नाही. शेवटच्या खुणेवरून पहिल्या खुणेकडे कसं यायचं हे लिहायचं राहून जातं, कारण तोवर संध्याकाळ झालेली असते आणि सगळे घरी निघालेले असतात.

उपविभागीय समितीने हद्द कमी करून शिफारस केली. पुढे?

साठ दिवसांत जिल्हास्तरीय समितीकडे अर्ज करता येतो. दिवस निर्णय कळल्यापासून मोजायचे, म्हणून निर्णयाची प्रत ज्या दिवशी हातात पडली ती तारीख तिच्यावरच लिहून सही घ्या. अर्जात ‘क्षेत्र कमी केलं’ एवढंच लिहू नका. कोणत्या खुणेपासून कोणत्या खुणेपर्यंतचा भाग वगळला आणि त्या भागाचा कोणता पुरावा आधीच जोडलेला होता, हे खूण क्रमांकांनिशी लिहा.